डेस्कटॉपला वायफाय पकडत नाही? बूस्टर घेऊ नका, आधी डोंगल डब्याच्या मागनं बाहेर काढा

आमचं घर बेळगावातल्या शहापुरातलं, जुन्या पद्धतीचं, म्हणजे रस्त्याला तोंड अरुंद आणि आत आगगाडीसारखं लांब. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, त्याच्या मागं एक खोली आणि शेवटी परसू. फायबरची वायर रस्त्यावरनं येते त्यामुळं राउटर बसवणाऱ्यानं तो सोप्यातच ठोकला आणि गेला. माझा कॉम्प्युटर मागच्या खोलीत, आणि त्याला वायफाय पकडायला डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचं ते छोटं यंत्र. मी घरी बसून डीटीपी करते, लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, मराठी पण आणि कन्नड पण, आणि तयार झालेली फाईल प्रेसला पाठवायची असते. साठ एमबीची फाईल सत्त्याण्णव टक्क्यांवर जाऊन अडकायची आणि परत पहिल्यापासून. प्रेसवाल्याचा फोन, ताई फाईल कुठं आहे, आणि मी इकडं मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बसलेली.

नवऱ्यानं दोन हजाराचा बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवायचा डबा, बघून ठेवला होता. तो घेतला नाही. सगळं मिळून साडेतीनशे रुपयांच्या आत काम झालं, तेही बरंचसं जागा बदलूनच. काय काय केलं ते क्रमानं लिहिते कारण आपल्याकडं शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ, आणि खेड्यांत तर सगळीकडंच, अशीच लांब घरं आणि जाड भिंती आहेत.

आधी मोजा, नाहीतर नुसता अंदाजपंचे कारभार होतो

कोपऱ्यातल्या वायफायच्या दांड्या बघून काही कळत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजी अक्षरांत 'netsh wlan show interfaces' (नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस) टाइप करून एंटर मारा. खाली सिग्नल म्हणून टक्का दिसतो. या टक्क्याचं डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या मापात, रूपांतर सोपं आहे: टक्क्याचं निम्मं करा आणि त्यातनं शंभर वजा करा. म्हणजे ६० टक्के असेल तर ३० वजा १००, उणे ७०. १०० टक्के म्हणजे उणे ५०, त्याच्या वर विंडोज मोजत बसत नाही.

उणे आकडा जितका शून्याकडं तितका चांगला. उणे ६० च्या अलीकडं मस्त चालतं, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभावतो, उणे ७० च्या पलीकडं रडारड सुरू होते आणि उणे ८० म्हणजे नावाला कनेक्शन. एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, ३ डीबी कमी म्हणजे ताकद निम्मी आणि १० डीबी कमी म्हणजे एक दशांश. त्यामुळं पाच-सहा डीबीचा फरक दिसायला किरकोळ वाटला तरी तो किरकोळ नसतो.

माझं पहिलं माप ३४ टक्के आलं. म्हणजे उणे ८३. डाउनलोड ३ एमबीपीएस, अपलोडचं तर नावच नको. प्लॅन शंभरचा.

मोजताना दोन-तीन पथ्यं. एकदाच बघून सोडू नका, आकडा नाचतो, चार-पाच वेळा बघून मधला धरा. खोलीचं दार रोज जसं असतं तसंच ठेवा. आणि डोंगलच्या समोर आपण स्वतः उभं राहू नका कारण माणूस म्हणजे पाण्याची पिशवीच की, लहरी शोषून घेतो. दरवेळचा आकडा वहीत लिहा. मी पत्रिकेच्या खराब झालेल्या प्रूफच्या पाठीमागं लिहिले.

मग मोबाईल घेऊन कॉम्प्युटरशेजारी बसा आणि त्याच वायफायवर स्पीड बघा. मोबाईलवर चांगलं चालतंय आणि कॉम्प्युटरवर नाही, तर दोष कॉम्प्युटरच्या बाजूला आहे, आणि ती चांगली बातमी, स्वस्तात सुटतं. दोन्हीकडं वाईट असेल तर राउटरची जागा आणि भिंती बघाव्या लागतील. आणि राउटरच्या शेजारी उभं राहूनसुद्धा स्पीड नसेल तर मग लाईनच बिघडलेली आहे, पुढचं काही वाचू नका, कंपनीला फोन लावा.

डेस्कटॉपलाच एवढा त्रास का

लॅपटॉपचा अँटेना स्क्रीनच्या कडेनं वर बसवलेला असतो. डेस्कटॉपचं काय, पत्र्याचा डबा, तो टेबलाखाली, पाठ भिंतीला, आणि त्या पाठीत नखाएवढं डोंगल खोचलेलं. म्हणजे पुढनं येणारा सिग्नल आधी पत्र्याला धडकतो आणि जे काही उरलंसुरलं इकडनं तिकडनं आपटून मागं पोचतं ते बिचारं डोंगल गोळा करतंय. पत्र्यातनं लहरी आरपार जात नाहीत, एवढी साधी गोष्ट आहे.

त्याच्या आधी एक अजून साधी गोष्ट तपासा. बऱ्याच नवीन मदरबोर्डांत (डब्यातली मुख्य पाटी) वायफाय आतच असतं आणि मागच्या बाजूला दोन सोनेरी आट्यांचे खुंट असतात. त्यावर अँटेना लावायचा असतो. निपाणीच्या माझ्या आतेभावाकडं सहा महिने असंच चाललं होतं, वायफाय स्लो आहे स्लो आहे म्हणून कंपनी बदलली त्यानं, आणि अँटेना माळ्यावर मदरबोर्डाच्या खोक्यात, प्लास्टिकची पिशवीसुद्धा फाडली नव्हती. लावल्यावर उणे ८१ वरनं उणे ६२. फुकटात. त्याला अजून चिडवतो आम्ही.

अँटेना हरवला असेल आणि नवा आणणार असाल तर कार्डावरचा खुंट नीट बघून जा. वायफायच्या कार्डावर बहुतेक करून बाहेरनं आटे आणि मधे पिन असते, म्हणजे अँटेनाच्या टोपीत आतनं आटे आणि मधे भोक पाहिजे. दिसायला अगदी तसाच पण उलटा प्रकारही मिळतो, तो छान फिरतो, घट्ट बसतो आणि आत पिनेला पिन भिडते किंवा भोकासमोर भोक येतं. सिग्नल शून्य. दुकानातच दोन्ही समोरासमोर धरून बघा.

यूएसबीची एक्स्टेन्शन वायर: दीडशे रुपयांत सगळ्यात जास्त फरक

डोंगल वापरत असाल तर दीड-दोन मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन आणा, एका बाजूला नर एका बाजूला मादी. खडेबाजाराच्या बाजूला मला दीडशेला मिळाली. साधी यूएसबी २.० ची चालते, उलट तीच बरी. कारण यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टातनं आणि वायरीतनं नेमकी वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच खरखर बाहेर पडते, इंटेलनं २०१२ साली यावर कागदच काढला होता. म्हणून २.४ वर चालणारं डोंगल निळ्या पोर्टात लावू नका, काळ्यात लावा, आणि बाहेरची हार्डडिस्क निळ्या पोर्टात चालू असेल तर डोंगल तिच्यापासनं लांब ठेवा. माझी हार्डडिस्क डोंगलच्या बरोब्बर शेजारी होती, बॅकअप चालू केला की नेट मरायचं, मला वाटायचं कॉम्प्युटर दमतोय.

यूएसबी वायरची खरी मजा अशी की रेडिओ, म्हणजे लहरी पकडणारा भाग, तुमच्या डोंगलमध्येच, वायरच्या टोकाला बसलाय, वायरीतनं नुसता डेटा येतो. त्यामुळं वायरीत सिग्नल वाया जात नाही. याच्या उलट कार्डाच्या अँटेनाला लावायची ती बारीक काळी वायर असते, चुंबकाच्या बैठकीची, तिच्यात मीटरमागं दीड-दोन डीबी वाटेतच गळतात. तीही डब्याच्या मागं अँटेना ठेवण्यापेक्षा चांगलीच, पण एक मीटरच्या वर घेऊ नका. यूएसबी २.० ची वायर ५ मीटरपर्यंत चालते असा नियम आहे पण स्वस्तातल्या वायरीत तांबं इतकं बारीक असतं की तीन मीटरच्या पुढं डोंगलला करंट पुरत नाही आणि ते मधेच गायब होतं, तेव्हा दोन मीटरवर थांबा.

आता डोंगल कुठं टांगायचं. टेबलापेक्षा वर, डोक्याच्या उंचीवर, राउटरच्या दिशेच्या दाराकडं तोंड करून. आणि हे हातात धरून हळूहळू सरकवत शोधा, अक्षरशः चार बोटं इकडं चार बोटं तिकडं. २.४ ची लहर साडेबारा सेंटीमीटरची असते, भिंतींवरनं आपटून आलेल्या लहरी एकमेकींना कुठं मारतात कुठं साथ देतात, त्यामुळं सहा सेंटीमीटरवर आकडा चक्क पाच-सात डीबीनं बदलतो. मी एका हातात डोंगल, दुसऱ्या हातानं वरचा बाण आणि एंटर, वरचा बाण आणि एंटर, ती कमांड परत परत. पोरगं विचारतंय, आई काय करालीस? शेवटी कॅलेंडरच्या खिळ्यावर जागा सापडली. दोऱ्यानं बांधलं. ५८ टक्के, उणे ७१. म्हणजे एका वायरीनं १२ डीबी, सोळापट ताकद. डाउनलोड १८.

राउटर वर घ्या, भिंती ओळखा

राउटर आमचा टीव्हीच्या मागं, खाली, शोकेसच्या कप्प्यात होता. तो पाच-सहा फुटांवर, माजघराच्या दारासमोरच्या भिंतीवर नेला. इथं एक सावधगिरी, फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर आत काच असते, तिला मुडपू नका, बांगडीपेक्षा लहान वेटोळं करू नका, आणि टोकाची टोपी काढून डोळ्यासमोर धरू नका. वायर पुरत नसेल तर बसवणाऱ्यालाच बोलवा.

राउटरच्या काठीसारख्या अँटेनामधनं लहरी मेदूवड्यासारख्या पसरतात, काठी वड्याच्या भोकातनं गेलीय असं समजा. म्हणजे काठीच्या आजूबाजूला भरपूर आणि टोकाच्या दिशेला जवळजवळ काही नाही. त्यामुळं काठी कॉम्प्युटरकडं रोखून धरायची नसते, बऱ्याच जणांना वाटतं टॉर्चसारखी रोखावी, ते उलटं आहे. एकाच मजल्यावर असाल तर काठ्या सरळ उभ्या. कॉम्प्युटर माडीवर असेल तर एक उभी आणि एक आडवी करून बघा. नऊ डीबीआयचे मोठे अँटेना विकतात त्यात ताकद वाढत नाही, वडा दाबून पापड केलेला असतो, आडवा लांब जातो आणि माडीवर काहीच मिळत नाही.

भिंतींचं म्हणाल तर आमच्या माजघराची भिंत मातीची, पावणेदोन फूट जाड. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंतीही जाडच, खानापूरकडं बघा. आणि पावसात या भिंती ओल धरतात, ओली भिंत सिग्नल जास्त खाते, त्यामुळं मे महिन्यात चालणारं वायफाय जुलैत रुसलं तर डोंगलला दोष देऊ नका. भिंतीतनं तिरकं जाणं टाळा, ४५ अंशात गेलं की तीच भिंत दीडपटीच्या जवळपास जाड होते. शक्य तितकं दारांच्या रांगेतनं न्या, जुन्या घरात सोप्यातनं परसू दिसतं ना एका रेषेत, तीच रेषा पकडा. त्या रेषेत लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याचं पिंप, फ्रिज येत असेल तर सरकवा. आमचं कपाट बरोब्बर मधे होतं. दोघांनी मिळून दोन फूट सरकवलं, सासूबाईंचा विरोध पत्करून.

राउटर आणि कपाट मिळून ६६ टक्के, उणे ६७.

चॅनेल

गल्लीत घराला घर चिकटलेलं, मोबाईलवर वायफाय अ‍ॅनालायझर टाकून बघितलं तर चौदा नावं दिसली आणि त्यातली नऊ चॅनेल ६ वर. चॅनेल म्हणजे लहरींचा एकेक पट्टा. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. मधलं ३ किंवा ८ घेऊन शहाणपणा करू नका, दोन्हीकडचा मार खाता. ज्यावर गर्दी कमी ते घ्या, आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० केलं की गल्लीत दुप्पट भांडणं.

राउटरच्या खाली स्टिकरवर पत्ता असतो, १९२.१६८.१.१ किंवा तसाच काहीतरी, तो ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन करा, वायरलेसमध्ये जा, फक्त चॅनेल आणि रुंदी बदला. वॅन नावाच्या पानाला हात लावू नका, तिथलं काही पुसलं तर नेट बंद.

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींना वेगवेगळी नावं द्या. जवळ असाल तर ५ फार चांगलं, मोकळं असतं. पण दोन जाड भिंतींच्या पलीकडं ते दम तोडतं, मागच्या खोलीसाठी २.४ च. मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा २.४५ वर चालतो, तो चालू असेपर्यंत अपलोड लावू नका.

चॅनेल ११ केल्यावर आकडा तोच राहिला, उणे ६७, पण स्पीड १८ चा ३१ झाला. म्हणून सिग्नल आणि स्पीड दोन्ही वेगळे लिहून ठेवा म्हणते.

विंडोजमध्ये दोनच गोष्टी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर, त्यात तुमचं डोंगल, पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'वीज वाचवायला हे बंद करू दे' अशा अर्थाची टिक असते ती काढा. आणि ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्याच्या साईटवरनंच घ्या, ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं नकोत.

रोळीचा डिश

हे लोकांना थट्टा वाटते पण चालतं. तांदूळ धुवायची स्टीलची रोळी, खोलगट, भोकांची. भोकं लहरीच्या मानानं फारच बारीक असल्यानं लहरीला ती अख्खा पत्राच वाटते. रोळीच्या तळात जे येईल ते परतून पुढं एका जागी गोळा होतं, तिथं डोंगल ठेवायचं. ती जागा काढायची रीत: रोळीच्या तोंडाचा व्यास घ्या, त्याला त्यानंच गुणा, आणि खोलीच्या सोळापटीनं भागा. माझी रोळी २८ सेंटीमीटर रुंद आणि ९ खोल. २८ गुणिले २८ म्हणजे ७८४, भागिले १४४, साधारण साडेपाच सेंटीमीटर. तळापासनं एवढ्या अंतरावर, मधोमध. रोळीचा आकार काही शास्त्रशुद्ध नसतो, तळ सपाट असतो, म्हणून सेंटीमीटरभर पुढंमागं करून बघा.

मी भोकातनं दोन बांबूच्या काड्या आडव्या घातल्या आणि त्यावर डोंगल रबरबँडनं बसवलं, रोळीचं तोंड दाराच्या रेषेकडं. ७८ टक्के, उणे ६१. डाउनलोड ४४. दिशा चुकली की मात्र आधीपेक्षा वाईट होतं कारण आता रोळी मागनं येणारं सगळं अडवते, तेव्हा सावकाश फिरवा. धातूची वस्तू आहे, उघड्या प्लगजवळ, बोर्डाजवळ टांगू नका. आणि उत्साहात कौलावर किंवा गच्चीवर काही उभं करू नका, आपल्याकडं वळवाच्या पावसात वीज कशी कडाडते माहीत आहे.

राउटरच्या मागंही पुठ्ठ्याला अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवून अर्धगोल लावता येतो, भिंतीपलीकडं शेजाऱ्याकडं जाणारा सिग्नल घराकडं वळतो. हवेची भोकं झाकू नका, गरम होतो.

एवढ्यानं भागलं नाही तर

घरात पडलेला जुना अँड्रॉइड मोबाईल असेल, स्क्रीन फुटलेला चालेल, तर तो वायफायला जोडा, यूएसबी वायरनं कॉम्प्युटरला लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. बऱ्याच मोबाईलमध्ये मग त्याच्याकडचं वायफायच कॉम्प्युटरला मिळतं, म्हणजे मोबाईलच डोंगल झाला. मोबाईल डेटा आधी बंद करा म्हणजे पॅक संपणार नाही.

जुना राउटर असेल तर त्याला रिपीटर करता येतं, पण तो कॉम्प्युटरशेजारी ठेवून उपयोग नाही, अर्ध्या वाटेवर, जिथं अजून चांगला सिग्नल आहे तिथं ठेवा. एकाच रेडिओनं ऐकायचं आणि बोलायचं असल्यानं स्पीड निम्म्यावर येतो हे धरून चला.

आणि स्वतःचं घर असेल, दारांच्या चौकटीवरनं वायर न्यायला कुणाची ना नसेल, तर लॅन वायर टाका आणि विषय संपवा. १०० मीटरपर्यंत चालते. कॅट सिक्स मागा आणि टोक ब्लेडनं खरवडून बघा, आत चंदेरी दिसलं तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, नको म्हणा. टोकाला प्लास्टिकची क्लिप मारताना दोन्ही टोकांना आतल्या तारांचा एकच क्रम: नारंगी-पांढरी, नारंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. १००० एमबीपीएसऐवजी १०० वरच जोडलं जात असेल तर एखादी तार नीट बसलेली नाही, परत क्लिप मारा. लाईटच्या वायरीला चिकटवून नेऊ नका, थोडं अंतर ठेवा.

भाड्याच्या घरात किंवा घरच्यांना भिंतीवर वायर चालत नसेल तर रोळी आहेच. माझं तर होळीच्या दिवशी सकाळी सकाळी नेट गेलं. करंट होता, राउटरचे दिवे व्यवस्थित, आकडा बघितला तर उणे ७३. मागं वळून बघते तर डोंगल काड्यांसकट कॉम्प्युटरवर आडवं ठेवलेलं आणि रोळी जागेवर नाही. स्वयंपाकघरातनं सासूबाईंचा आवाज, "कट काढायचा कशात गं, तुझ्या त्या वायफायात?" डाळ निथळून होईपर्यंत खिळ्यावर परत दोऱ्यानं बांधून काम चालवलं आणि दुसऱ्या दिवशी एकशे ऐंशी रुपयांची नवी रोळी आणली, नवी त्यांना, जुनी मला.